ॲक्सिडेंटच्या क्लेममध्ये दुखण्याचे आणि मनस्तापाचे पैसे कसे मागायचे, किती मिळतात आणि कुठे अडतात

क्लेम केससाठी माणूस वकिलाकडे आला की पिशवीतून आधी बिलं काढतो. मेडिकल स्टोअरची, एमआरआयची, यवतमाळवरून नागपूरला नेलेल्या ॲम्ब्युलन्सची, सगळी रबर लावून ठेवलेली. चांगलंच आहे ते, बिलाशिवाय औषधपाण्याचा पैसा निघत नाही. पण ज्याचं बिल कोणीच फाडत नाही असंही नुकसान असतं, रात्र रात्र ठणकणारा पाय, मांडी घालून बसता न येणं, मोडलेलं लग्न, वावरात जायची भीती. याचेही पैसे कायद्यात आहेत, आणि हेच पैसे आपल्या भागात सगळ्यात कमी पदरात पडतात. कायदा देत नाही म्हणून नाही, तर अर्जात "शारीरिक व मानसिक त्रास रु. ५०,०००" अशी एक ओळ टाईप होते आणि तिच्या मागे एक कागद नाही की एक साक्षीदार नाही, मग न्यायाधीश साहेबांनी तरी कशावरून द्यायचे? मी तालुक्याच्या कोर्टात वकिलाकडे कागद लावायचं काम करतो, रोज तेच बघतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी, कायदा याला नेमकं काय मानतो

सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल डोक्यात ठेवा, तुमच्या वकिलाला दोन्ही पाठच असतील. पहिला १९९५ चा, आर. डी. हट्टंगडी विरुद्ध पेस्ट कंट्रोल. त्यात कोर्टानं नुकसानीचे दोन ढीग केले. एक पैशात मोजता येणारा, म्हणजे औषधपाणी, बुडालेली मजुरी, पुढची कमाई. दुसरा पैशात न मोजता येणारा. या दुसऱ्या ढिगात काय काय येतं हेही कोर्टानं सांगितलं: शरीराला आणि मनाला बसलेला धक्का, झालेल्या आणि पुढे होणाऱ्या वेदना, जगण्यातली जी मजा आणि सोय गेली ती (चालणं, पळणं, बसणं हेसुद्धा त्यातच), आयुष्य कमी झालं असेल तर ते, आणि रोजची गैरसोय, निराशा, मनावरचा ताण.

दुसरा निकाल ऑक्टोबर २०१० चा, राजकुमार विरुद्ध अजय कुमार. आज सगळी ट्रिब्युनलं, म्हणजे ॲक्सिडेंटचे दावे चालवणारी न्यायाधिकरणं, याच्यावरच चालतात म्हटलं तरी चालेल. यात बिगर-पैशाचे तीन हेड, म्हणजे भरपाईचे रकाने, ठेवले. एक, वेदना, त्रास आणि आघात. दोन, जीवनातल्या सुखसोयी गमावणं, आणि लग्नाची शक्यता कमी झाली असेल तर तीही यातच. तीन, आयुर्मान घटणं. आता यात एक मेख आहे जी लोकांना कोणी सांगत नाही. साधा फ्रॅक्चर असेल, जोडला गेला, माणूस कामाला लागला, तर कोर्ट फक्त पहिला हेड देतं. दुसरा आणि तिसरा हेड पाहिजे असेल तर दुखापत गंभीर पाहिजे आणि त्याला धरून डॉक्टरचा स्पष्ट पुरावा पाहिजे. म्हणजे "मले आता बसता येत नाही" एवढं तुम्ही म्हणून भागत नाही, गुडघा किती अंश वळतो हे कोणीतरी मोजून लिहिलेलं लागतं.

लिमिट आहे का? आहे पण नाही पण

यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून काही पोरं येतात, तिकडे कोटी कोटी मिळतात म्हणे. तिकडे ज्युरी आकडा ठरवते हे खरं, पण तिकडच्याही कित्येक राज्यांनी याला कायद्यानं झाकण घातलंय. कॅलिफोर्नियात डॉक्टरच्या चुकीच्या केसमध्ये वेदना-मनस्तापापोटी १९७५ पासून जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर, त्याच्यावर एक डॉलर नाही, आणि तो आकडा जवळजवळ ५० वर्षं तसाच राहिला. २०२३ पासून ती मर्यादा जखमीसाठी ३,५०,००० आणि मृत्यू असेल तर ५,००,००० केली, पुढे दरवर्षी थोडी वाढते.

आपल्याकडे जखमी माणसाच्या केसमध्ये असं कायद्यानं ठोकलेलं झाकण नाही. मोटार वाहन कायदा फक्त एवढंच म्हणतो की भरपाई "न्याय्य" पाहिजे. त्यामुळे अर्जात मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त देणंही ट्रिब्युनलच्या हातात आहे, नागप्पा केसमध्ये २००२ ला सुप्रीम कोर्टानं तसं सांगून ठेवलंय. पण व्यवहारात चार जागी हात अडतो, त्या चारही जागा बघून घ्या.

पहिली जागा मृत्यूची केस. इथे आकडा जवळजवळ ठरलेलाच. ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी निकालात पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठानं सांगितलं की इस्टेटीच्या नुकसानीचे १५,०००, सहवास गमावल्याचे ४०,००० आणि अंत्यसंस्काराचे १५,०००, आणि दर तीन वर्षांनी यात १०% वाढ. म्हणून २०२३ नंतरच्या निकालांत तुम्हाला ४८,४०० आणि १८,१५० असे विचित्र आकडे दिसतात, ते यातूनच आलेत. २०१८ च्या मॅग्मा जनरल इन्शुरन्सच्या निकालानं यात चांगली भर टाकली, सहवास फक्त बायकोचाच नाही, लेकरांनी बाप गमावला आणि म्हाताऱ्या आईबापानं लेक गमावला तर तोही सहवासच, प्रत्येकाला वेगळी रक्कम. मेलेल्या माणसाच्या मागे बायको, दोन पोरं आणि आई असेल तर चौघांची चार वेळा मागा. "प्रेम आणि माया" नावाचा वेगळा हेड मात्र आता चालत नाही, २०२० ला सतिंदर कौर केसमध्ये ते सहवासातच धरलंय, तरी जुन्या फॉरमॅटमधून कॉपी करून लोक अजून टाकतात.

दुसरी जागा लहान लेकरांची. मास्टर मल्लिकार्जुनच्या केसमध्ये कोर्टानं एक तक्ता दिला: १०% पर्यंत अपंगत्व असेल तर १ लाख, ३०% पर्यंत ३ लाख, ६०% पर्यंत ४ लाख, ९०% पर्यंत ५ लाख, त्याच्यावर ६ लाख. इन्शुरन्सचा वकील हा तक्ता काढून दाखवतोच. पण ती लक्ष्मणरेषा नाही. २०२० च्या काजल केसमध्ये १२ वर्षांच्या, पूर्ण अपंगत्व आलेल्या मुलीला वेदना आणि सुखसोयींपोटी १५ लाख दिले आणि लग्नाची शक्यता गेल्याचे ३ लाख वेगळे. मोठ्या माणसाच्या केसमध्येही नोव्हेंबर २०२४ ला के. एस. मुरलीधर निकालात ९०% कायमचं अपंगत्व आलेल्या माणसाला वेदनेच्या हेडखाली १५ लाख मंजूर झाले. आपल्या तालुक्यात त्याच हेडखाली २५,००० मिळाले म्हणून खूश होणारे लोक मी पाहिलेत.

तिसरी जागा दुबार मोजणीची. तुमची कमाईची ताकद ५०% च्या वर गेली असं धरून पुढच्या कमाईचे भरपूर पैसे दिले असतील तर राजकुमार निकालाप्रमाणे सुखसोयींच्या हेडखाली नाममात्रच रक्कम देता येते, नाहीतर एकाच नुकसानीचे दोनदा पैसे होतात. त्यामुळे अर्जात कमाई बुडाली आणि जगणं बुडालं या दोन गोष्टी वेगळ्या लिहायच्या. वेचणी बुडाली हे कमाईत, भजनाला मांडी घालून बसता येत नाही हे सुखसोयींत. दोन्ही एकाच वाक्यात कोंबले की एकाचे पैसे गेले समजा.

चौथी जागा तडजोडीच्या ठरलेल्या रकमा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे न बघता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख असे आकडे आहेत. यात वेदना, मनस्ताप वेगळा मोजतच नाहीत. आणि कंपनीशी तडजोड करून हे पैसे एकदा स्वीकारले की कलम १६६ खालचा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागायचा, तुमचा अर्ज संपला. गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० ची हिट अँड रनची स्कीम आहे, तिथेही वेदना, मनस्ताप वेगळा मोजत नाहीत. (आधी एक जुनी अनुसूची होती, तिच्यात गंभीर दुखापतीच्या वेदनेची किंमत ५,००० आणि साध्या दुखापतीची १,००० होती. ती गेली ते बरं झालं.)

दार कोणतं ठोठावायचं

हे आधी ठरवा, कारण दुखण्याचे पैसे प्रत्येक दारात मिळत नाहीत.

रोडवर गाडीनं उडवलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे ज्याला आपण एमएसीटी म्हणतो. अर्ज जिथे ॲक्सिडेंट झाला तिथे, जिथे तुम्ही राहता तिथे किंवा समोरची पार्टी राहते तिथे टाकता येतो. पुण्याला किंवा सुरतला कामाला गेलेला पोरगा तिकडे जखमी झाला तरी केस यवतमाळला, वर्ध्याला चालू शकते, तिकडे तारखांना चकरा मारायची गरज नाही. मुदत सहा महिने. १ एप्रिल २०२२ पासून ही अट आलीय, तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय खरं पण त्या भरवशावर राहू नका, प्लास्टर निघायची वाट बघत बसू नका, आधी अर्ज टाका.

कामावर असताना लागलं, जिनिंगमध्ये हात अडकला, थ्रेशरमध्ये पाय गेला, तर कामगार भरपाईचा रस्ता. तो फास्ट आहे, मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, पण तिथे पगार, वय आणि अपंगत्वाचा फॉर्म्युला लागतो आणि वेदनेचा हेडच नाही. ट्रकवरचा हमाल, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर असे लोक कामावरही असतात आणि रोडवरही, त्यांना दोनपैकी एकच दार निवडता येतं. घाईघाईत कामगार भरपाईचा अर्ज टाकून बसले की मनस्तापाचे पैसे गेलेच. दुखापत मोठी असेल आणि समोरच्याची चूक स्पष्ट असेल तर माझ्या मते एमएसीटीच बरं, चूक सिद्ध होणं अवघड असेल तर कामगार भरपाई.

डॉक्टरची चूक असेल आणि फी भरून इलाज केला असेल तर ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच फुकट इलाज होतो तिथे ग्राहक म्हणून जाता येत नाही, मग दिवाणी कोर्ट. मोठ्या आकड्याचं स्वप्न दाखवताना लोक कोलकात्याच्या डॉ. कुणाल साहा यांच्या केसचं नाव घेतात, २०१३ ला ६ कोटींच्या वर भरपाई. पण त्या निकालाचा हिशेब उघडून बघा, बायकोच्या वेदनेचे १० लाख, सहवासाचे १ लाख, बाकी जवळजवळ सगळी रक्कम तिच्या अमेरिकेतल्या संभाव्य कमाईची.

वाघानं, अस्वलानं, रानडुकरानं हल्ला केला तर वनविभागाची मदत ठरलेल्या रकमेची असते, तिच्यात मनस्तापाचा हिशेब मांडत बसू नका, तिथे वेळेत कळवणं आणि पंचनामा हेच महत्त्वाचं.

एक आपल्याकडचा खास घोळ म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. वेचणीला, सोयाबीन कापायला बाया ट्रॉलीत बसून जातात, ट्रॉली उलटते, आणि इन्शुरन्स कंपनी म्हणते पॉलिसी शेतीकामाची होती, माणसं न्यायची नव्हती. बऱ्याचदा कोर्ट कंपनीचं ऐकतं आणि बोजा मालकावर येतो, मालक बहुतेक गावातलाच, कधी नात्यातलाच. अशा वेळी पॉलिसीची कॉपी पहिल्या आठवड्यातच काढा, कंपनी आहे का नाही यावर पुढचं सगळं ठरतं.

पहिल्या महिन्यात काय गोळा करायचं

पोलिसांचे कागद: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, आणि नवीन नियमाप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्युनलला द्यायचा असतो. ठाण्यात जाऊन विचारत राहा, आपल्याकडे विचारल्याशिवाय कागद हलत नाही. सविस्तर अहवालात पीडिताचा फॉर्म असतो, त्यात दुखापतीची माहिती अर्धवट जाऊ देऊ नका.

दवाखान्याचे कागद: डिस्चार्ज कार्ड सगळेच ठेवतात, ओपीडीच्या चिठ्ठ्या फेकून देतात. वेदनेच्या हेडसाठी त्या चिठ्ठ्याच सोन्याच्या. प्रत्येक वेळी डॉक्टरला सांगा की रात्री झोप लागत नाही, पाय सुन्न होतो, गाडीचा हॉर्न ऐकला की छातीत धडधडतं, आणि ते चिठ्ठीवर लिहायला लावा. डॉक्टर घाईत असतात, "पेन" एवढा एक शब्द लिहून सोडतात. नम्रपणे म्हणा, "साहेब, किती वेळ उभं राहता येतं ते लिहा ना." दुखणं कमी व्हायला गावातल्या वैदूकडे, मालिश करणाऱ्याकडे जात असाल तर जा, पण महिन्यातून एकदा तरी सरकारी ओपीडीत दाखवा, नाहीतर कागदावर असं दिसतं की सहा महिने तुम्हाला काही झालंच नव्हतं.

मनाचा त्रास असेल तर जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत जा. लोक म्हणतील येडा झाला का, म्हणू द्या. तिथली एक चिठ्ठी कोर्टात दहा वाक्यांपेक्षा भारी पडते. टेलिमानस १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं, तो कागद नाही पण निदान सुरुवात होते.

आणि एक साधी वही. पोराची जुनी अर्धी राहिलेली वही चालते. तारीख टाकून दोन ओळी, आज काय करता आलं नाही आणि कोणी केलं. "पोळ्याला बैल घेऊन गेलो नाही, पुतण्यानं नेले." "झड लागली, तीन दिवस रॉडच्या जागी ठणका, गोळी दोनदा." रोज नाही लिहिलं तरी चालेल, पण नंतर एका बसकीत एकाच पेननं वर्षभराची वही लिहू नका, ते लगेच कळतं. वही हा काही पक्का पुरावा नाही, पण दोन-तीन वर्षांनी साक्ष द्यायची वेळ येते तेव्हा माणूस निम्मं विसरलेला असतो, तेव्हा ती कामाला येते.

अपंगत्वाचा दाखला आणि डॉक्टरची साक्ष

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. दाखल्यावर ४०% आलं की माणूस हिशेब मांडतो, ४०% म्हणजे एवढे लाख. पण एका पायाचं ४०% आणि पूर्ण शरीराचं ४०% वेगळं, आणि कमाईवर झालेला परिणाम तिसराच. राजकुमार निकालातलंच उदाहरण, डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुतार कामातून गेला, ऑफिसातला कारकून कदाचित त्याच पगारावर राहील. मग कारकुनाचं काहीच गेलं नाही का? गेलं ना, त्याचंच नाव सुखसोयी. म्हणून ज्याची कमाई कमी बुडाली त्यानं बिगर-पैशाच्या हेडवर जास्त जोर द्यायचा.

दाखला नुसता फाईलला लावून उपयोग नाही, ज्यानं इलाज केला किंवा ज्यानं तपासून टक्का दिला तो डॉक्टर साक्षीला आला पाहिजे. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, डॉक्टरला समन्स कधी काढणार. डॉक्टरकडून तीन गोष्टी रेकॉर्डवर यायला पाहिजेत: सांधा किती वळतो, पुढे ऑपरेशन लागेल का, आणि हे दुखणं आयुष्यभर राहणार का. बऱ्याच साक्षींत फक्त टक्का विचारतात आणि डॉक्टर मोकळा होतो, मग वेदनेबद्दल निकालात लिहायला काही उरतच नाही.

ॲफिडेव्हिट, ज्याच्यावर सगळं अडतं

सरतपासणी, म्हणजे तुमची स्वतःची साक्ष, ॲफिडेव्हिटवर (प्रतिज्ञापत्रावर) होते. नेहमीचा मजकूर असा असतो: "सदर अपघातामुळे अर्जदारास असह्य वेदना झाल्या व तिचे जीवन उद्ध्वस्त झाले आहे." हे वाक्य साहेबांनी हजार वेळा वाचलेलं असतं, डोळा तिथे थांबतच नाही. त्याऐवजी, समजा तीसेक वर्षांची वेचणीला जाणारी बाई आहे आणि तिचा गुडघा गेलाय, तर असं काहीतरी लिहा:

"अपघाताआधी मी पहाटे उठून चुलीवर स्वयंपाक करून वेचणीला जात होते. आता माझा उजवा गुडघा अर्धाच वळतो. मला चुलीपुढे बसता येत नाही. सिलेंडर संपला की माझी सासू, वय ७०, चूल पेटवते. घरच्या संडासात मला बसता येत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडून मी ती वापरते आणि माझी १३ वर्षांची मुलगी ती रोज धुते. मी भजनी मंडळात होते, वर्षभरापासून गेले नाही कारण सतरंजीवर बसता येत नाही आणि खुर्ची मागायची लाज वाटते. मी आणि माझे पती वेगळे झोपतो."

बघा, यात कुठेच "असह्य" नाही. पण खुर्ची धुणारी पोरगी वाचल्यावर कोणताही न्यायाधीश एक मिनिट थांबतो. शेवटचं वाक्य लिहायला बाया कचरतात, साहजिक आहे, पुरुष वकिलापुढे कोण बोलणार. नवरा-बायकोच्या संबंधावर झालेला परिणामसुद्धा कायद्यानं या हेडमध्ये धरता येतो, सांगायचं असेल तर बाई वकील किंवा विधी सेवेतली बाई मागा. अविवाहित पोरीच्या चेहऱ्यावर व्रण राहिला, जमलेलं लग्न मोडलं, तर मध्यस्थाला किंवा मामाला साक्षीला आणा, नुसतं "स्थळं येत नाहीत" म्हणून होत नाही.

शेजारची एखादी साक्ष घ्याच. घरच्या माणसाची साक्ष कोर्ट थोडी सावध वाचतं, पण सोबत वेचणीला जाणारी बाई, दूध डेअरीवाला, भजनी मंडळाचे बुवा यांचा त्यात काही फायदा नसतो. "आधी ती कशी होती आणि आता कशी आहे" एवढंच त्यांनी आपल्या शब्दांत सांगायचं.

उलटतपासणीत

कंपनीच्या वकिलाचे प्रश्न साधे असतात. "तुम्ही आज एसटीनं आल्या ना? पायऱ्या चढून आल्या ना?" घाबरून लोक "नाही" म्हणतात आणि तिथेच केस पातळ होते, कारण बाहेर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. खरं ते सांगा, "हो, आली मी. पोराच्या खांद्याला धरून, मधे दोनदा थांबून." खरं उत्तर नेहमी तुमच्याच बाजूचं निघतं. वाढवून सांगू नका. आणि केस चालू असताना भाचीच्या हळदीत नाचतानाचा व्हिडिओ व्हॉट्सॲप स्टेटसला टाकू नका बाप्पा, तो सगळ्यात आधी कंपनीकडे पोचतो.

हेल्मेट नव्हतं, तिघे एका मोटरसायकलवर होते, तर तुमचीही काही टक्के चूक धरू शकतात आणि ती टक्केवारी एकूण रकमेतून कापली जाते, वेदनेच्या रकमेतूनसुद्धा. हे अर्जात लपवू नका, पंचनाम्यात असतंच.

वकिलाचं आणि फीचं

निकालावर टक्का ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, तरी सर्रास चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, ती कोर्टाच्याच आवारात असते, किंवा १५१०० ला फोन लावा. बायांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि अपंग माणसाला उत्पन्नाची अट न बघता वकील फुकट मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाचा दाखला लागतो. फुकटचा वकील म्हणजे कामचलाऊ असं समजू नका, चांगलेही असतात, फक्त ॲफिडेव्हिटचा मजकूर तुम्ही घरून सांगून जा.

लोकअदालतीत ऑफर आली तर

कंपनी एक गोळा आकडा सांगते, समजा चार लाख. लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. वकिलाला कागदावर फोड करायला लावा, यात औषधाचे किती, बुडालेल्या मजुरीचे किती, पुढच्या कमाईचे किती, आणि उरलेले म्हणजे वेदना-सुखसोयींचे किती. बऱ्याचदा उरलेलं शून्य येतं, कधी कधी वजासुद्धा. मग तेवढ्याच हेडवर बोलणी करा. लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नाही, सही केली की संपलं. पण चार-पाच वर्षं तारखा करायची ताकद घरात नसेल, सावकाराचं व्याज चढत असेल, तर थोडं कमी घेऊन मोकळं होणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही.

केस चालू असताना जखमी माणूस दुसऱ्याच कारणानं वारला तर क्लेम बुडतो असं समजून घरचे लोक फाईल सोडून देतात. आता तसं नाही, कलम १६६ मध्ये पाचवं पोटकलम आलंय, मृत्यूचा अपघाताशी संबंध असो नसो, जखमीचा हक्क वारसांकडे जातो. वारस म्हणून नाव चढवायचा अर्ज वेळेत द्या.

निकाल हातात आल्यावर

शेवटचं पान बघून आकडा वाचून घरी जाऊ नका. मधल्या पानांवर हेडवार तक्ता असतो. वेदना किती, सुखसोयी किती, लग्नाची शक्यता मागितली होती तर तिच्याबद्दल एक वाक्य तरी आहे का, हे बघा. सुखसोयींचा हेड दिलाच नसेल आणि डॉक्टरनं मात्र कायमचं दुखणं सांगितलं असेल, तर नागपूर खंडपीठात अपील करायला ९० दिवस असतात. वादातली रक्कम एक लाखाच्या खाली असेल तर अपील होत नाही, म्हणून फक्त २०-३० हजारांसाठी जायचा विचार असेल तर सोडा.

कंपनी अपिलात गेली तरी तिला आधी काही रक्कम कोर्टात भरावी लागते, त्यातून थोडी उचलायचा अर्ज तुम्ही देऊ शकता. आणि पैसे आले की सगळे एकदम हातात पडतील असं नाही, ट्रिब्युनल बराचसा भाग बँकेत एफडीत टाकायला सांगतं, विशेषतः अडाणी माणूस किंवा लहान लेकरू असेल तर. मधेच मोडायची असेल तर बँक ऐकत नाही, कोर्टातच अर्ज द्यावा लागतो, आणि त्यात कारणासोबत कागद लावा, म्हणजे रॉड काढायच्या ऑपरेशनचं डॉक्टरनं दिलेलं एस्टिमेट, मुलीच्या ॲडमिशनची फी पावती, असं काहीतरी, नुसतं "घरखर्चासाठी" लिहिलेला अर्ज बहुतेक वेळा परत येतो.